व्हिंटेज टेलिकास्टर: गिटारचं परीक्षण, आणि माझ्या पहिल्या परीक्षणातल्या चुका

या वेळी पेपर नाही, गिटार आहे. विषय सोडला असं समजू नका. एखाद्या दाव्याचं परीक्षण कसं करायचं, हे गेल्या तीन आठवड्यांत मला या गिटारने जेवढं शिकवलं, तेवढं कोर्सवर्कमधल्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरनेही शिकवलं नव्हतं. आणि ते शिकताना मी एक चुकीचं परीक्षण लिहून बसले होते, तेही सांगणार आहे.

झालं असं. आमच्या लॅबमधला एक ज्युनियर गिटार वाजवतो. त्याच्याकडे एक जुनी, साधी इलेक्ट्रिक गिटार आहे. ती विकून, वर फेलोशिपचे साठवलेले पैसे घालून त्याला 'व्हिंटेज साउंड'वाली टेलिकास्टर घ्यायची होती. मला म्हणाला, "ताई, तू रिसर्च करतेस, तू नीट बघून सांगशील. घेऊ का?" माझ्या एका मैत्रिणीकडे नेमकी तीच गिटार होती. मी ती तीन आठवड्यांसाठी आणली आणि चार दिवसांत दोन पानांचं परीक्षण लिहून टाकलं. त्यात एक वाक्य असं होतं: "पाइनच्या हलक्या लाकडामुळे आवाज मोकळा आणि हवेशीर येतो, अगदी पन्नाशीच्या दशकातल्यासारखा."

हे वाक्य वाचायला छान आहे. त्यात तीन दावे आहेत आणि तिन्हींपैकी एकही मी तपासला नव्हता. तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा अशीच वाक्यं तुमच्याही हातून उतरतील, म्हणून हे सविस्तर सांगते.

गिटार कोणती?

स्क्वायर क्लासिक व्हाइब फिफ्टीज टेलिकास्टर. स्क्वायर हा फेंडर कंपनीचाच कमी किमतीचा ब्रँड. क्लासिक व्हाइब मालिका २००८ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. मी वाजवली ती नंतरची. नावातल्या 'फिफ्टीज'चा अर्थ, १९५०च्या दशकातल्या टेलिकास्टरच्या वळणाची.

मूळ वाद्याची गोष्ट थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. तो स्वतः गिटार वाजवत नव्हता. कदाचित म्हणूनच त्याने गिटारकडे दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं: सपाट फळीसारखं अंग, स्क्रूने जोडलेली मान, बिघडलं तर काढा आणि बदला. १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर अशी मॉडेलं बाजारात आली. ग्रेच कंपनी जवळपास त्याच नावाचे ड्रम विकत होती, तिने हरकत घेतली. मग १९५१ मध्ये काही काळ गिटारच्या डोक्यावर फक्त 'फेंडर' एवढंच छापलं जायचं. संग्राहक आज त्या गिटारींना 'नोकास्टर' म्हणतात. त्यानंतर 'टेलिकास्टर' हे नाव आलं, ते आजतागायत टिकलं.

'व्हिंटेज' हा एक दावा नाही, चार आहेत

कोणत्याही अमूर्त शब्दाची कार्यात्मक व्याख्या केल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आपल्याला शिकवलेलं असतं. 'ताण', 'गुणवत्ता', 'सक्षमीकरण' या शब्दांपुढे आपण ते करतोही. पण आवडीचा विषय आला की विसरतो. 'व्हिंटेज'चे मी आता चार भाग करते: दिसणं, बांधणी, आवाज आणि हाताला लागणं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघू शकतं आणि इथे ते निघतंच.

दिसण्याबद्दल वाद नाही. पिवळसर बटरस्कॉच रंग, काळी पट्टी, मेपलची मान, दोन गोल नॉब. दहा फुटांवरून बघणाऱ्याला ती जुनीच वाटेल. या कसोटीवर गिटार पूर्ण उत्तीर्ण.

बांधणीत मात्र यादी करावी लागते. मुळासारखं काय आहे? २५.५ इंच, म्हणजे साधारण ६४८ मिलिमीटर तारेची लांबी. २१ फ्रेट. स्क्रूने जोडलेली मान. तारा अंगाच्या मागून आरपार ओवलेल्या. आणि ब्रिजवर, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत घोडीवर, सहा तारांसाठी तीनच दंडगोल आधार.

वेगळं काय आहे? मुळात अंग बहुतेक ॲश लाकडाचं, इथे पाइनचं. मुळात नायट्रोसेल्युलोज लॅकर, इथे पॉलियुरेथेन. मुळात फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, इथे ९.५ इंच. मुळात मानेतला लोखंडी दांडा कसायचा तर अंगाकडच्या टोकाने, त्यासाठी मान सैल करावी लागायची. इथे तो डोक्याकडून कसता येतो.

सगळ्यात मोठा फरक डोळ्यांना दिसतच नाही. तो स्विचच्या आत आहे. १९५२ पासून १९६७ पर्यंतच्या टेलिकास्टरमध्ये तीन जागांचा स्विच असला तरी मधल्या जागेवर दोन्ही पिकअप एकत्र वाजत नसत. मागे टाकला तर ब्रिजचा पिकअप, मध्ये टाकला तर मानेकडचा, पुढे टाकला तर तोच मानेकडचा पण कपॅसिटरमुळे खूप गडद झालेला. दोन्ही एकत्र हवे असतील तर वादक स्विच दोन जागांच्या मध्ये कसाबसा अडकवून ठेवायचे. १९६७ नंतर मधल्या जागेवर दोन्ही एकत्र, ही सोय रूढ झाली आणि या नव्या गिटारमध्ये तीच आहे.

आता गंमत बघा. माझ्या पहिल्या परीक्षणात मी "मधल्या स्विचवरचा तो खास पन्नाशीचा खणखणाट" असं लिहिलं होतं. १९५२ नंतरच्या पन्नाशीत तो आवाज त्या जागेवर मिळतच नव्हता. म्हणजे मला आवाज आवडला, डोक्यात 'पन्नाशी' हा शब्द आधीच होता, आणि मी दोन्ही जोडून टाकले. साहित्य-आढाव्यात आपण हेच करतो. एखादी कल्पना 'परंपरेने चालत आलेली' असं बिनधास्त लिहितो, आणि तारखा तपासल्यावर कळतं की परंपरा कालपरवाची आहे.

पाइनची गोष्ट उलट्या बाजूची. "ॲश नाही म्हणजे अस्सल नाही" असं म्हणणारे भेटतात. पण लिओ फेंडरचा १९४९ चा पहिला नमुना पाइनचाच होता. म्हणजे लाकडाच्या बाबतीत ही स्वस्त गिटार मूळ नमुन्याच्या जास्त जवळ आहे आणि नंतरच्या 'अस्सल' गिटारींपासून लांब आहे. अस्सल म्हणताना तुम्ही कोणतं वर्ष धरता, त्यावर निकाल फिरतो. संदर्भवर्ष न सांगता केलेली तुलना म्हणूनच ऐकून सोडून द्यावी.

आवाज: मला काय ऐकू आलं आणि मी काय मानलं

आधी थोडं बारावीचं भौतिकशास्त्र. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत विद्युतदाब तयार होतो. फॅरडेचा नियम, बाकी काही नाही. पिकअपला तार 'दिसते', लाकूड नाही. लाकडाचा परिणाम व्हायचाच तर तो तारेच्या हलण्यावर व्हायला हवा: आधार किती हलतो, कुठली कंपनं लवकर विरतात, असा आडवळणाने. तो शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण रस्ता लांबचा आहे, आणि त्या रस्त्यावर आवाज बदलणाऱ्या कितीतरी जवळच्या गोष्टी बसलेल्या आहेत.

उदाहरणार्थ पिकअपची जागा. ब्रिजजवळ तार कमी हलते आणि तिथे वरच्या स्वरांशांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून आवाज धारदार. मानेकडे तार जास्त हलते, म्हणून आवाज भरीव आणि गोल. टेलिकास्टरचा ब्रिजचा पिकअप तिरका बसवलेला आहे, त्यामुळे बारीक तारा ब्रिजच्या आणखी जवळ पकडल्या जातात. तो पोलादी पत्र्यात बसतो. मानेकडच्या पिकअपवर धातूचं झाकण असतं, त्याने वरचे सूर थोडे मऊ होतात. या सगळ्याचा मिळून जो चटकदार, तुटक, कधी कधी कानाला टोचणारा आवाज येतो, त्यासाठीच लोक टेलिकास्टर घेतात. या गिटारमध्ये तो आहे. ब्रिजच्या पिकअपवर एक तार छेडली की सुराच्या आधी टिचकी ऐकू येते. हे मी कानाने सांगते आणि या वाक्यावर अजूनही ठाम आहे.

चूक पुढच्या पायरीवर झाली. मी ही गिटार माझ्या स्वतःच्या गिटारशी ताडून पाहिली आणि "मोकळा, हवेशीर" असं लिहिलं. पाठवण्याआधी सहज मैत्रिणीला विचारलं, तारा कधी बदलल्या होत्या? "तुला द्यायच्या आदल्या दिवशी." माझ्या गिटारवर तारा होत्या पाच महिन्यांच्या, त्याही पावसाळ्यातल्या. गंजलेल्या, घाम बसलेल्या तारांचे वरचे सूर मरतात, हे कोणताही वादक सांगेल. शिवाय तिची केबल आखूड, माझी लांब. केबल जितकी लांब तितकी तिची धारिता जास्त आणि आवाज तितका गडद. शिवाय तिचे पिकअप तारांच्या जवळ वर आणलेले, म्हणजे आवाज मोठा. आणि दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो, हा आपल्या सगळ्यांच्या कानांचा जुना दोष.

मी पाइनला श्रेय दिलं होतं, आणि बदललेल्या गोष्टी होत्या किमान पाच: लाकूड, पिकअप, तारा, केबल, आवाजाची पातळी. आपल्या भाषेत सांगायचं तर चार गोंधळ घालणारे चल मोकाट सोडून एकाच्या नावावर निकाल लावला.

मग मी रविवार काढून पुन्हा सुरुवात केली. दोन्ही गिटारींवर एकाच पाकिटाच्या जातीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा. एकच केबल, एकच ॲम्प, ॲम्पच्या नॉबला चिकटपट्टीच्या खुणा. आवाजाची पातळी शक्य तितकी सारखी. मैत्रीण पडद्यामागे वाजवणार, कोणती गिटार घ्यायची ते नाणं उडवून ठरवणार, मी ओळखणार.

निकाल साधा होता. ब्रिजच्या पिकअपवर मी क्वचितच चुकले. मानेकडच्या पिकअपवर मी जी उत्तरं दिली ती नाणं उडवून दिली असती तरी चाललं असतं. जो 'हवेशीरपणा' मी अर्धं पान वर्णन केला होता तो बहुतेक नव्या तारांचा होता.

इथे एक आकडेमोड करून ठेवा, उपयोगी पडेल. समजा कुणी १२ पैकी ७ वेळा बरोबर ओळखलं. ऐकायला बरं वाटतं, अर्ध्यापेक्षा जास्त. पण नुसता अंदाज करणाऱ्यालाही १२ पैकी ७ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के असते. १२ पैकी ११ किंवा १२ आले तर मात्र ती शक्यता ०.३ टक्क्यांच्या आसपास येते. ओळखता येतं असा दावा करायचा तर निदान एवढं तरी हवं.

आणि ओळखता आलं तरी काय सिद्ध झालं? ब्रिजच्या पिकअपवर फरक आहे, एवढंच. तो पाइनमुळे आहे हे नाही. माझ्या गिटारचं लाकूड वेगळं, पिकअपही वेगळा आणि ब्रिजही वेगळा. लाकडाचा परिणाम वेगळा काढायचा तर बाकी सगळं तेच ठेवून फक्त अंग बदलावं लागेल. ते मला घरी शक्य नाही, म्हणून लाकडावरचं वाक्य मी परीक्षणातून काढून टाकलं. "फरक आहे" आणि "फरक अमुकमुळे आहे" या दोन वाक्यांमधलं अंतर भरायला पूर्ण पीएच.डी. लागू शकते.

हा दोष माझ्या एकटीचा नाही

क्लॉडिया फ्रित्झ आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिनवर केलेला प्रयोग तुम्ही जरूर वाचा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना सहा व्हायोलिन वाजवायला दिली: तीन नवी, दोन स्ट्रादिवारी आणि एक ग्वार्नेरी. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल, खोलीत अंधूक उजेड. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला, आणि सगळ्यात कमी एका स्ट्रादिवारीला. आवडलेलं वाद्य जुनं की नवं, हेही बहुतेकांना सांगता आलं नाही. निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यावर टीका झाली: वाद्यं थोडी, जागा हॉटेलची खोली, वेळ कमी. संशोधकांनी भांडत न बसता प्रयोग वाढवला. २०१४ च्या निबंधात दहा एकल वादक, बारा व्हायोलिन, आणि वाजवण्यासाठी सभागृहसुद्धा. नव्या वाद्यांची बाजू तिथेही पडली नाही. टीकेला असं उत्तर द्यायचं असतं, हे मी त्या दोन निबंधांकडून शिकले.

गिटारच्या जवळचंही एक काम आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५२ गिटारवादकांना सहा ॲकॉस्टिक गिटारी दिल्या. रचना एकच, फक्त मागचं आणि बाजूंचं लाकूड वेगवेगळं, महागडं आणि स्वस्त दोन्ही. डोळे झाकल्यावर वादकांनी त्यांना दिलेले गुण जवळपास सारखेच निघाले.

आता जपून. व्हायोलिन आणि ॲकॉस्टिक गिटार ही पोकळ, लाकडातून हवा हलवणारी वाद्यं. आपली टेलिकास्टर भरीव फळीची. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा उचलायचा नाही. मी त्यातून उचलते ती पद्धत: डोळ्यांना आणि लेबलला बाहेर ठेवा, मग कानांना विचारा.

बांधणी आणि हाताला लागणं

या भागात मात्र मोजता येणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, आणि परीक्षणाचा खरा निर्णय इथेच होतो.

गोलाई घ्या. ७.२५ इंच त्रिज्येचा फ्रेटबोर्ड जास्त वक्र असतो. कॉर्ड धरायला तो हाताला गोड लागतो. पण वरच्या फ्रेटवर तार ताणून सूर चढवायचा म्हटलं की तार वक्राच्या माथ्यावर चढते, आणि तारा खाली बसवलेल्या असतील तर पुढच्या फ्रेटला घासून सूर मरतो. ९.५ इंचाच्या जरा सपाट फ्रेटबोर्डवर हा त्रास कमी. म्हणजे ही गिटार 'व्हिंटेज' नाही त्याच जागी ती वाजवायला जास्त सोपी आहे. माझ्या मते तिची सगळ्यात चांगली बाजू हीच.

आता ती जिथे प्रामाणिकपणे व्हिंटेज आहे ती जागा: तीन आधारांचा ब्रिज. वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून प्रत्येक तारेची लांबी किंचित पुढेमागे करावी लागते. इथे दोन तारांना मिळून एकच आधार. एकीसाठी सरकवला की दुसरी बिघडते. गणितवाल्यांना सांगायचं तर समीकरणं सहा आणि चल तीन. अचूक उत्तर नाही, कमीत कमी चूक शोधायची. सगळ्यात अवघड जोडी मधली. गुंडाळलेल्या डी तारेला लांबी कमी लागते, साध्या जी तारेला जास्त, आणि दोघी एकाच दांड्यावर. हा दोष एखाद्या नगाचा नाही, रचनेचाच आहे आणि तो मुळापासून आहे. तिरपे कापलेले आधार वेगळे विकत मिळतात, त्यांनी बराच सुधारतो. ज्याला रेकॉर्डिंग करायचंय त्याने हे आधी माहीत करून घ्यावं. ज्याला घरी ब्लूज वाजवायचंय त्याला कदाचित कधी कळणारही नाही.

अंग सपाट फळी आहे, कडांना उतार नाही. बसून तासभर वाजवलं की उजव्या हाताच्या पोटरीला कड जाणवते. मानेवरचा लेप तकतकीत आहे. दमट हवेत घामेजलेला हात त्यावरून सरकताना अडल्यासारखा वाटू शकतो. खुंट्या जुन्या पद्धतीच्या: तारेचं टोक मधल्या भोकात खोचायचं, म्हणजे बाहेर टोचणारं टोक राहत नाही. जुन्यातली ही एक युक्ती मला मनापासून आवडली.

आणि एक मुद्दा जो तुम्ही वाचाल त्या बहुतेक परीक्षणांत नसेल, कारण ती इथे लिहिलेली नसतात. सिंगल कॉइल पिकअप हा अँटेनाच असतो, आजूबाजूच्या विजेची घरघर पकडतो. भारतात ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. हॉस्टेलचं वायरिंग जुनं आणि अर्थिंग भरवशाचं नसेल तर ब्रिजच्या पिकअपवर, गेन वाढवला की, घरघर सुरापेक्षा आधी ऐकू येते. खोलीत उभं राहून गिटारची दिशा बदलत जा, एका कोनात ती कमी होते. तसंच पावसाळ्याचं. लाकूड दमट हवेत फुगतं, मान किंचित हलते, तारांची उंची बदलते. कोरड्या हवेच्या गावात "सेटअप महिनोन्महिने टिकला" असं कुणी लिहिलं असेल तर ते खरंच असेल, पण ते जुलैतल्या कोकणाला लागू नाही. दांडा डोक्याकडून कसता येतो हा 'अव्हिंटेज' बदल इथे आपल्याच बाजूने उभा राहतो. निष्कर्ष कुठल्या परिस्थितीत काढलाय आणि कुठे वापरायचाय, हा प्रश्न सामाजिक शास्त्रांपुरता नाही.

निकाल

गिटार चांगली आहे. ब्रिजच्या पिकअपचा आवाज खास आहे, मान वाजवायला सुखाची आहे. दिसण्यात पूर्ण व्हिंटेज, बांधणीत अर्धी, वाजवण्यात मुद्दाम आधुनिक. आवाजात ती किती व्हिंटेज आहे, हे मी सांगणार नाही, कारण १९५२ ची टेलिकास्टर मी कधी हातात धरलेली नाही. तुलनेची एक बाजूच नसताना तुलना कशी करू? पहिल्या परीक्षणात हे धाडस केलं होतं, त्याची लाज वाटते.

ज्युनियरला मी दोन पानं पाठवली नाहीत. एक चिठ्ठी पाठवली: "आधी तुझ्या गिटारला नव्या तारा लाव, नीट सेटअप करून घे, मग एक आठवडा वाजव. तरीही ब्रिजच्या पिकअपची ती टिचकी हवीशी वाटली तर ही घे, पैसे वाया जाणार नाहीत. नुसता 'मोकळा आवाज' हवा असेल तर तो कदाचित तारांच्या पाकिटात आहे." त्याने तारा बदलल्या. गिटार विकण्याचं अजून ठरलेलं नाही. त्याने काय ठरवलं यापेक्षा तो आता स्वतःच्या कानाने ठरवतोय, याचं मला जास्त समाधान आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधलं, नाहीतर नुकत्याच वाचलेल्या पेपरच्या तुम्ही काढलेल्या टिपणातलं, सगळ्यात देखणं वाक्य शोधा. बहुधा त्यात 'मुळे' असेल. त्याखाली पेन्सिलने तीन रकाने आखा: यातलं निरीक्षण कोणतं, मोजमाप कोणतं, आणि मी नुसतं मानलेलं कोणतं. तिसरा रकाना भरला आणि पहिले दोन रिकामे राहिले, तर वाक्य कितीही गोड असो, गाईडच्या टेबलावर जाण्याआधी खोडा. माझं पाइनचं वाक्य मी अजून डायरीत ठेवलंय, खोडलेलं, पण वाचता येईल असं.